डिसेंबरात लिहिलेला आकडा

ग्राफिक्स कार्डाच्या पाटीवर, मुख्य चिपपासून जरा दूर, आठ पायांचा एक चिमुकला काळा तुकडा डकवलेला असतो. तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पात्या आणि दोन-तीन पंखे यांच्या थाटात तो सहसा कोणाच्या नजरेला पडत नाही. तरी संगणकाची कळ दाबल्यापासून कार्डाचा सगळा कारभार त्याच्यातल्या मजकुराच्या हुकमतीत चालतो. काही शे किलोबाइटांचा हा मजकूर म्हणजे कार्डाचा बायोस. चिपने सेकंदाला किती कोटी ठोके घ्यावेत, त्या प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज मिळावे, मेमरीने लिहिता-वाचताना किती थांबावे, एकंदर किती वॅट वीज ओढण्याची मुभा असावी, कितव्या अंशावर पंख्याने जोर धरावा आणि कितव्या अंशावर चिपने स्वतःचा वेग आवरता घ्यावा, हे सारे कोष्टकांच्या रूपाने त्यात नमूद असते. आणि ही कोष्टके ज्याला बदलता येतात, त्याला कार्डाचा स्वभावच बदलता येतो.

कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापलीकडे कार्ड पळवणे, म्हणजे ज्याला आपली मुले ‘ओव्हरक्लॉक’ म्हणतात ते, दोन रीतींनी साधते. पहिली रीत सोपी आणि निरुपद्रवी: विंडोज सुरू झाल्यावर आफ्टरबर्नरसारखा एखादा प्रोग्राम कार्डाला वेग वाढवण्यास सांगतो, कार्ड ते ऐकते, आणि संगणक बंद झाला की ते सांगणे विरून जाते. दुसऱ्या रीतीत कार्डाचा बायोसच वाचून काढायचा, कोष्टकातले आकडे बदलायचे आणि बदललेला मजकूर त्याच आठ पायांच्या तुकड्यावर पुन्हा लिहायचा. मग ते कार्ड कोणत्याही यंत्रात, विंडोजखाली असो वा लिनक्सखाली, आपला वाढीव वेग जन्मजात असल्यासारखा सोबत घेऊन जाते. हा मामला चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखातून सांगण्याचे कारण एवढेच, की कारखानदार आपल्या आकड्यांत जी शिल्लक राखून ठेवतो ती कशासाठी, हे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत बसून कळणे कठीण आहे, आणि चंद्रपुरात ते मे महिन्यात फारसे न शिकवता कळते.

चंद्रपूरच्या जुन्या गोंडकालीन तटाच्या आत, जटपुरा दरवाजापासून चालत जाण्याच्या अंतरावर, संगणक दुरुस्तीचे एक दुकान आहे. तिथे हे काम मी जवळून पाहिले. दुकानदाराने आधी जीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रामने कार्डातला बायोस फाइलीच्या रूपाने उतरवून घेतला आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी स्वतःच्या यंत्रात ठेवली. कारण मूळ प्रत हाती नसताना फेरफार करणे म्हणजे जमिनीचा सातबारा न पाहता कुंपण घालण्यासारखे आहे. मग त्याने ती फाइल उघडून दाखवली. बायोसच्या आरंभी षोडशमान पद्धतीत ५५ आणि एए अशी दोन चिन्हे असतात, त्यांवरून संगणक हा मजकूर बायोसचा आहे हे ओळखतो. अखेरीची एक तजवीज त्याहून चतुर आहे: या आरंभिक भागातल्या सर्व बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली पाहिजे. एखादा आकडा बदलला की बेरीज बिघडते, म्हणून बदल करणारा प्रोग्राम एक बाइट असा जुळवून टाकतो की हिशेब पुन्हा शून्यावर येतो. केप्लर आणि मॅक्सवेल पिढीच्या एनव्हिडिया कार्डांसाठी ‘बायोस ट्वीकर’, एएमडीच्या पोलारिस पिढीसाठी ‘पोलारिस बायोस एडिटर’ अशी साधने छंदिष्टांनी बनवून फुकट वाटली. तयार मजकूर कार्डावर चढवण्याचे काम एनव्हीफ्लॅश किंवा एटीआयफ्लॅश करते. चढवायला मिनिटभर लागते, आणि त्या मिनिटात वीज गेली तर कार्ड मुके होण्याचा संभव असतो. “लाइनीचा भरोसा नाही जी, म्हनून इन्व्हर्टर लावूनच करतो,” दुकानदार म्हणाला. दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या शहरातून दिसतात, त्या गावात हे वाक्य ऐकणे मौजेचे होते.

कारखान्याचा आकडा हा निसर्गनियम नव्हे, हे या छंदाचे गृहीतक आहे, आणि ते बव्हंशी खरे आहे. डिसेंबर २०१० मध्ये एएमडीने रेडिऑन एचडी ६९५० आणि ६९७० ही दोन कार्डे बाजारात आणली. दोहोंची चिप एकच, ‘केमन’ नावाची. महागड्या कार्डात तिचे १५३६ गणनघटक चालू होते, स्वस्तात १४०८. परंतु हे उरलेले १२८ घटक पुष्कळ कार्डांत धडधाकट होते, केवळ बायोसच्या मजकुराने निजवलेले होते. ही गोष्ट थोड्याच दिवसांत उघडकीस आली आणि २९९ डॉलरांच्या कार्डावर ३६९ डॉलरांच्या कार्डाचा बायोस चढवणाऱ्यांची रीघ लागली. त्या कार्डावर दोन बायोस आणि त्यांच्यामध्ये एक खटका अशी सोयही होती, त्यामुळे एक लेखन फसले तरी खटका सरकवून परत मागे येता येई. २०१३ सालच्या आर९ २९० या कार्डाच्या आरंभीच्या काही प्रती अशाच २९०एक्स होऊ शकल्या. २०१६ साली आरएक्स ४८० चे चार गिगाबाइटांचे म्हणून विकले गेलेले काही नग प्रत्यक्षात आठ गिगाबाइट मेमरी बाळगून होते, आणि बायोस बदलताच ती प्रकट झाली. याची कारणमीमांसा अगदी व्यापारी आहे. एकाच सिलिकॉनच्या तबकडीवर शेकडो चिपा निपजतात. आरंभी त्यांतल्या काही सदोष असतात, त्यांचे सदोष भाग बंद करून त्या खालच्या नावाने विकल्या जातात. पुढे कारखान्याचा हात बसला, दोष कमी झाले, तरी खालच्या नावाच्या मालाला गिऱ्हाईक असतेच, आणि मग ती मागणी पुरवण्यासाठी निर्दोष चिपांचेही काही भाग मिटवावे लागतात.

या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण मात्र छंदिष्टांचे नव्हे, खुद्द कंपनीचे आहे. जानेवारी २०२० मध्ये एएमडीचे आरएक्स ५६०० एक्सटी हे कार्ड बाजारात येण्याच्या बेतात असताना प्रतिस्पर्ध्याने आपल्या आरटीएक्स २०६० ची किंमत उतरवली. एएमडीने उत्तरादाखल कार्ड बदलले नाही, कारण कार्डे खोक्यांत भरून दुकानांच्या वाटेला लागली होती. तिने बायोस बदलला. मेमरीचा वेग सेकंदाला १२ गिगाबिटांवरून १४ वर गेला, मुख्य चिपचा वेग आणि विजेची मर्यादाही वाढली, आणि ज्यांच्या हाती जुन्या बायोसची खोकी पडली त्या सामान्य ग्राहकांना घरी बसून नवा मजकूर चढवावा लागला. जे कृत्य एरवी केल्यास हमी रद्द होते, तेच कृत्य त्या महिन्यात ग्राहकसेवेचा भाग ठरले. आकडा ठरवताना अभियंत्याइतकाच हिशेबनिसाचा हात असतो, हे याहून स्वच्छ शब्दांत कोणी सांगितले नसते.

येथवरच्या हकिकतीने कोणाचाही हात शिवशिवेल. आता उन्हाळ्याकडे वळू.

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंश ओलांडतो यात इथल्या माणसाला बातमी वाटत नाही. ४७ झाला तर वर्तमानपत्रे ठळक टाइप काढतात. चिपच्या तापमानाचा नियम साधा आहे: हवेने थंड होणारे कार्ड खोलीच्या तापमानाच्या वर ठरावीक अंश चढते, आणि तो चढ ते किती वॅट जाळते यावर अवलंबून असतो. चिपची गतिक वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि सगळा अनर्थ या ‘वर्गा’त आहे. समजा दीडशे वॅटांचे एक कार्ड भरगच्च कामात खोलीपेक्षा ४५ अंशांनी तापते. त्याचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढवले, तर १.१ गुणिले १.०५ गुणिले १.०५, म्हणजे सुमारे १.२१ पट वीज लागते. दीडशेचे एकशे ऐंशीच्या वर जातात आणि पंखा तेवढ्याच वेगाने फिरत असेल तर ४५ अंशांचा चढ ५४ अंशांचा होतो. डिसेंबरात खोली २४ अंशांवर असते. बेरीज ७८ येते, कार्ड रात्रभर चालते, खेळ अडखळत नाही, आणि मुलगा समाधानाने तो आकडा बायोसात कायमचा लिहून टाकतो. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालची तीच खोली ४१ अंशांवर असते, आणि बेरीज ९५ येते.

तेव्हा पुढे काय होते ते बायोसातल्या दुसऱ्या कोष्टकावर अवलंबून आहे. पुष्कळ कार्डे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग कमी करू लागतात. म्हणजे ज्या वाढीव वेगासाठी हा खटाटोप केला तो नेमका उन्हाळ्याच्या सुटीत, जेव्हा खेळायला वेळ असतो तेव्हा, उपभोगता येत नाही. त्याहून उत्साही मंडळी ही तापमानाची मर्यादाही बायोसात वर सरकवून ठेवतात. तापमान वाढले की चिपमधून होणारी विजेची गळती वाढते, गळतीने पुन्हा उष्णता वाढते. आणि विद्युत्-अपघटनी संधारित्रांचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होते, असा या व्यवसायात जुना ठोकताळा आहे. खोलीत कूलर असेल तर दुपार सुसह्य होते खरी, पण कूलरची ओलसर हवा हीटसिंकच्या पात्यांत धूळ चिकटवते. आणि इथली धूळ! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक वसाहतींची प्रदूषणानुसार प्रतवारी लावली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनिशी चौथे आले होते. दुकानदाराने ब्लोअर लावून एका कार्डाच्या पात्या झटकल्या, तेव्हा टेबलावर जी काळसर भुकटी पडली ती बोटावर घेतल्यावर मऊ लागली. ती घुग्गुसच्या कोळशाची की औष्णिक केंद्राच्या राखेची, हे सांगण्याइतका मी रसायनज्ञ नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. चंद्रपूरचे केंद्र २९२० मेगावॅटांचे आहे आणि त्याला पाणी इरई धरणाचे लागते. इथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, दोन्ही बाजूंना ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश वाहिनी १५०० मेगावॅट वाहून नेण्यासाठी उभारलेली आहे. ठाण्याच्या एखाद्या सदनिकेत कोणी आपले कार्ड तीस वॅटांनी चढवतो, तेव्हा त्या तीस वॅटांची राख कुठे पडते याचा विचार त्याने करावा अशी माझी अपेक्षा नाही. पण चंद्रपूरच्या लेखकाने तो केला तर वाचकाने रागावू नये.

तात्पुरत्या ओव्हरक्लॉकमध्ये उन्हाळ्याचा हा घोटाळा होत नाही, कारण तापले की माणूस दोन कळा दाबून मागे येतो. कायमचे लिहिण्यातली उणीव अशी, की लिहिणारा स्वतःच्या एका दिवसाच्या अनुभवावरून सगळ्या वर्षाचा बंदोबस्त करतो. कारखानदाराने ठेवलेली शिल्लक फुकट पडलेली दिसते, परंतु ती वाईट दिवसांसाठी राखलेली तरतूद असते: उष्ण खोलीसाठी, धुळीसाठी, वाळलेल्या थर्मल पेस्टसाठी, विजेच्या चढउतारासाठी. आमच्याकडे ते वाईट दिवस अपवादाने येत नाहीत, वर्षातून अडीच-तीन महिने मुक्कामाला असतात. या दुकानदाराने यावर आपल्यापुरता निर्णय घेतलेला आहे. हिवाळ्यात कोणी बायोसात वेग लिहून मागितला, तर त्याचे उत्तर ठरलेले: “आता आफ्टरबर्नरवर चालवा जी. मे महिन्यात आनजा, मंग लिहून देतो.” मे महिन्यात फारसे कोणी येत नाही म्हणे.

पण स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आकड्याहून अवघड प्रकार दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्याचा आहे, आणि विदर्भातल्या लहान गावांत आज तोच जास्त आढळतो. २०१७ पासूनची काही वर्षे जगभर लक्षावधी ग्राफिक्स कार्डे इथेरियम नावाचे आभासी चलन ‘खणण्या’साठी रात्रंदिवस जुंपलेली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज एका दिवसात संपली, आणि ती जुन्या बाजारात लोटली गेली. आरएक्स ५७० आणि ५८० ही कार्डे त्यांत विशेष, कारण खाणवाल्यांची ती आवडती होती. खाणकामाला मुख्य चिपचा वेग फारसा लागत नाही, मेमरीची चपळाई लागते. म्हणून त्यांच्या बायोसात चिप खाली उतरवलेली आणि मेमरी ताणलेली असे. ताणण्याची युक्ती अशी, की मेमरीच्या निरनिराळ्या वेगांना निरनिराळ्या विश्रांतीची कोष्टके बायोसात असतात. १७५० मेगाहर्ट्झच्या वेगासाठी असलेले कमी विश्रांतीचे कोष्टक उचलून २००० आणि त्यापुढच्या वेगांच्या जागी चिकटवायचे. एवढ्याने खाणकामाचे उत्पन्न सेकंदाला बावीस-चोवीस मेगाहॅशवरून तिसाच्या घरात जाई.

असे एक आरएक्स ५८० आलापल्लीकडचा एक विद्यार्थी गडचिरोलीहून एसटीने घेऊन आला होता. डेस्कटॉपवर सगळे सुरळीत, खेळ सुरू केला की पाच मिनिटांत पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन, मग अंधार. “दादा, नवीन घेतो का मंग?” असे त्याने दोनदा विचारले. दुकानदाराने उत्तर न देता जीपीयू-झेड उघडले. कार्डाचा मूळ वेग म्हणून चिपपुढे ११५० आणि मेमरीपुढे २१५० लिहिलेले होते. वास्तविक या कार्डाचे कारखान्याचे आकडे १३४० आणि २००० आहेत. पुढचे निदान सांगायची गरज उरली नाही. कार्डाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरून नेमके मॉडेल वाचले, मेमरी सॅमसंगची की हायनिक्सची की मायक्रॉनची याची खातरजमा केली, कारण प्रत्येकीची कोष्टके वेगळी असतात आणि एकीची दुसरीला लावली तर कार्ड उठत नाही. मग मूळ बायोस चढवला. चौकोन गेले.

हे चौकोन दिसले म्हणून बरे. मेमरी थोडीच जास्त ताणली असेल तर काहीच दिसत नाही. जीडीडीआर५ मेमरीत वाहतुकीतली चूक ओळखून तीच माहिती पुन्हा मागवण्याची व्यवस्था आहे, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे मेगाहर्ट्झचा आकडा चढत राहतो आणि प्रत्यक्ष काम मात्र मंदावते. वेगाचा आकडा पाहून खूश होणाऱ्याला हे कळतही नाही. पण मेमरीच्या पेटीतच बिट उलटला तर तो सुधारणारी सोय घरगुती कार्डांत नसते. खाणकामात चुकलेले उत्तर नाकारले जाते आणि यंत्र पुढच्या उत्तराकडे वळते. खेळात एखादा चौकोन क्षणभर चुकीच्या रंगाचा होतो. ग्राफिक्स कार्ड मात्र आता खेळापुरते राहिलेले नाही. २०१८ सालच्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले, त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे टिपली, आणि त्यांतून ७६,६५१ वाघांची व ५१,७७७ बिबट्यांची चित्रे वेगळी काढण्यात आली. हे निवडण्याचे काम भारतीय वन्यजीव संस्थेच्या ‘कॅटरॅट’ या प्रणालीने कृत्रिम मज्जाजालाच्या साहाय्याने केले. अशी मज्जाजाले शिकवायची ती ग्राफिक्स कार्डांवरच. ताडोबाच्या वेशीवरच्या जिल्ह्यातला एखादा विद्यार्थी उद्या जुन्या बाजारातले कार्ड घेऊन हेच शिकू पाहील, तेव्हा त्याच्या कार्डाची मेमरी मूळ कोष्टकावर चालते आहे की कोणा अनोळखी खाणवाल्याच्या, हा प्रश्न निव्वळ हौसेचा उरणार नाही.

कारखानदारांनी आता बहुतेक दारे लावून घेतली आहेत. शिवकाळात आणि पेशवाईत पत्र लिहून झाले की मजकुराच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, ते अशासाठी की त्याच्यापुढे कोणी आपल्या पदरची ओळ घुसडू नये. बायोसची डिजिटल सही तेच काम करते. एनव्हिडियाने २०१४ च्या मॅक्सवेल पिढीपासून चिपमधल्या एका लहान नियंत्रकाला सही तपासण्याचे काम दिले, आणि २०१६ च्या पास्कल पिढीपासून घरबसल्या कोष्टके बदलून चढवण्याचा मार्ग व्यवहारतः बंद झाला. एएमडीच्या पोलारिस पिढीत मजकूर चढतो, पण ड्रायव्हर त्याची सही पाहतो आणि जुळली नाही तर कार्डाला कामावर घेत नाही. तिथे ड्रायव्हरलाच चकवणारी आणखी एक ठिगळवजा युक्ती करावी लागते.

या मोर्तबाविषयी माझे मत दुभंगलेले आहे. ते निव्वळ ग्राहकहितासाठी आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्याचा फटका अशांना बसला ज्यांनी एकही आकडा बदलला नव्हता: लिनक्सवरच्या ‘नूव्हो’ या मुक्त ड्रायव्हरला मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून सही असलेल्या मजकुराअभावी कार्डाचा वेगच वाढवता येईना, आणि पैसे मोजून घेतलेली कार्डे आरंभीच्या मंद चालीवरच अडकून पडली. त्यातून कंपन्यांची कुलुपे त्यांनाच नेहमी सांभाळता येतात असेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० विकायला काढले तेव्हा त्यात खाणकामाचा वेग निम्म्यावर आणणारा अडसर घातला होता, आणि ड्रायव्हर, चिप व बायोस या तिघांच्या परस्पर ओळखीवर तो उभा असल्याने अभेद्य आहे असा दावा केला होता. पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच ४७०.०५ या चाचणी ड्रायव्हरने तो अडसर अनवधानाने उघडला.

पण दुसरी बाजू लहान गावाच्या गिऱ्हाइकाला जास्त जवळची आहे. ज्या काळात मोर्तब नव्हते त्या काळातल्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुन्या कार्डांच्या बायोसात नाव बदलून ती ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून विकण्याचा धंदा पुढे कित्येक वर्षे तेजीत होता. संगणक ते खोटे नाव बिनदिक्कत दाखवतो, कारण नाव सांगणारा मजकूरही त्याच आठ पायांच्या तुकड्यात असतो. २०१८ मध्ये जीपीयू-झेडच्या २.१२ या आवृत्तीने चिपची खरी ओळख पटवून अशा कार्डापुढे ‘फेक’ हा शेरा मारायला सुरुवात केली. वडसा वगळता ज्या गडचिरोली जिल्ह्याला वर्षानुवर्षे रेल्वेचे स्थानक नव्हते, जिथून परत करायला गेलेला माणूस एक दिवस आणि दोन बाजूंचे भाडे घालवतो, तिथे असा नग गळ्यात पडला की तो पडलेलाच राहतो. अशा गिऱ्हाइकांसाठी सही हे संरक्षण आहे, हे मान्य केले पाहिजे.

कायद्याचे म्हणाल तर आपला १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा इथे वाटतो त्याहून उदार आहे. त्याच्या ५२ व्या कलमात १९९९ च्या दुरुस्तीने जी मुभा घातली, तीनुसार स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून, स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी, संगणकीय प्रोग्रामची नक्कल किंवा रूपांतर करणे हे उल्लंघन ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५ए हे कलम तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगते, परंतु हक्कभंगाच्या इराद्याने तोडले असेल तर. आपल्या कार्डाचा वेग आपल्या घरी बदलणारा माणूस माझ्या वाचनाप्रमाणे या जाळ्यात सापडत नाही. वकिलांचे वाचन निराळे असू शकते. बदललेले कार्ड बदल न सांगता दुसऱ्याला विकणे हा मात्र साध्या भाषेत फसवणुकीचा मामला आहे, आणि आलापल्लीच्या त्या मुलाशी नेमके तेच झाले होते.

त्याच्या कार्डाचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. मूळ बायोस चढल्यावर कार्ड चालू लागले, पण ते आता पूर्ण १८५ वॅट मागू लागले, आणि घरचा ६०० व्हीएचा यूपीएस खेळ रंगात आला की किंचाळू लागला. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग जंगल आहे. वादळात सागाची एक फांदी तारेवर पडली की रात्र काळोखात जाते, तेव्हा यूपीएस ही तिथे चैन नव्हे. एप्रिलच्या अखेरीस तो पुन्हा दुकानात आला, आणि या वेळी बायोसात आकडा लिहायचा ठरला तो उलट दिशेने: वेग कारखान्याचाच, व्होल्टेज कमी. ज्या साधनाने लोक कार्डे पेटवतात त्याच साधनाने ती निववताही येतात, १.१५ व्होल्टांचे १.०५ केले तर त्याच वेगाला गतिक वीज सुमारे सतरा टक्क्यांनी कमी लागते, आणि चंद्रपूरच्या हवेत या सतरा टक्क्यांचे मोल दहा टक्के वेगाहून किती तरी अधिक आहे.

पोलारिस एडिटर उघडल्यावर व्होल्टेजच्या रकान्यात मिलिव्होल्ट दिसतीलच असे नाही. वरच्या पायऱ्यांपुढे ६५२८२ ते ६५२८८ असे चमत्कारिक आकडे असतात. ती मोजमापे नव्हेत, संकेत आहेत: प्रत्येक चिपच्या अंगी कारखान्यातच तिच्या गळतीची नोंद कायम केलेली असते, आणि हा संकेत पाहून कार्ड त्या नोंदीवरून आपल्यापुरते व्होल्टेज ठरवते. म्हणजे एकाच खोक्यातली दोन कार्डे, एकच बायोस, तरी व्होल्टेज निराळे. त्या जागी साधा १०५० लिहिला की ही जुळणी पुसली जाते आणि आकड्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. दुकानदाराला हे पक्के ठाऊक होते. त्याने शेवटचे दोनच संकेत बदलले, कार्ड मागच्या बंद, बिनपंख्याच्या खोलीत दुपारी बारा वाजता चाचणीला लावले आणि दार ओढून घेतले. १०५० वर तासाभराने चाचणी कोसळली. १०६५ वर तिने पाच वाजेपर्यंत तग धरला; तरी त्याने लिहिले ते १०८०. “पंधरा मिलिव्होल्ट धुडीसाठी ठेवतो जी,” तो म्हणाला.

मुलाला मूळ बायोसचा पेनड्राइव्ह मिळाला, सोबत एक ताकीदही: विंडोजने ड्रायव्हर आपणहून बदलला की सहीची तपासणी पुन्हा जागी होईल आणि कार्ड ओळखले जाणार नाही, तेव्हा घाबरून बसभाडे खर्चू नये, ती ठिगळाची युक्ती पुन्हा चालवावी. ते कसे करायचे हे त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. अगदीच मुके झाले तर काय, असे त्याने विचारले, तेव्हा दुकानदाराने खणातून कपड्याच्या चिमट्याएवढी एक आठ दातांची पकड आणि तिला जोडलेला सीएच३४१ए नावाचा प्रोग्रामर काढून दाखवला: ही पकड बायोसच्या तुकड्यावर थेट बसते, आणि संगणकाने कार्डाला ओळखले नाही तरी मजकूर लिहिते. त्याची किंमत काही शे रुपये. मुलाने तो तिथल्या तिथे विकत मागितला. दुकानदाराजवळ एकच होता, त्याने नागपूरहून मागवून देण्याचे कबूल केले आणि आगाऊ शंभर रुपये घेतले.